दोन मिनिटं पुढे

वरचा तळ, दिवस ४१

ताईस,

हे पत्र न वाचता फाडणार असशील तर निदान सोबतचं खोकं उघडून बघ. त्यात बाबांचं टेबलावरचं घड्याळ आहे. घरातून निघताना मी ते न विचारता उचललं होतं. तू त्यावरून काही बोलली नाहीस, कारण त्या दिवशी बोलण्यासारखं त्याहून मोठं बरंच होतं. आता त्याची स्प्रिंग तुटली आहे. इथे घड्याळं दुरुस्त करणारे बाराजण आहेत, पण बाबांचं घड्याळ त्यांच्या हाती द्यायला मन धजत नाही. तुला जमेल तेव्हा बघ. घाई नाही.

दोन वर्षांतलं हे माझं अकरावं पत्र. तुझं एकही आलेलं नाही. तक्रार करत नाही, नुसतं मोजतोय. आपल्या घराला मोजायचा नाद आहेच.

पत्र तुझ्या आधी आणखी एकजण वाचतो, हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो. तळावरून जाणारं प्रत्येक पत्र एक वाचक वाचतो आणि शिक्का मारतो. वाचकसाहेब, नमस्कार. आज काही विशेष नाही, बहीणभावाच्या गप्पा आहेत, त्याही एकतर्फी.

गेल्या आठवड्यात माझा पुतळा बसवला. गोदीच्या तोंडाशीच, कोणाला चुकवता येणार नाही असा. शिल्पकाराने मला वीतभर उंची वाढवून दिली आणि नाक जवळपास तुझं दिलं. माझं त्याला शूर वाटलं नाही म्हणे. पुतळ्याचा एक हात घड्याळावर आहे आणि दुसरा आकाशाकडे. मी जन्मात कधी आकाशाकडे हात केला नाही. त्या पाच तासांत तर मी बहुतेक वेळ टेबलाखालीच होतो.

शाळेच्या पुस्तकातही धडा आलाय. तू वाचला नसशील, म्हणून थोडक्यात सांगतो. सगळं आरमार ठरल्या वेळी खिंडीत शिरणार होतं. त्याच्या पाच तास आधी एकच जहाज एकटं आत गेलं. शत्रूने सगळ्या तोफा त्याच्याकडे वळवल्या, आणि मग मागून आलेल्या आरमाराला शत्रूची उघडी पाठ मिळाली. सम्राज्ञीचं राज्य वाचलं. त्या जहाजावरच्या दोनशे बारा माणसांपैकी एकोणीस वाचली. जहाजाचं घड्याळ सांभाळणाऱ्या वेळदाराने कप्तानबाईंच्या गुप्त आज्ञेवरून घड्याळ पाच तास पुढे केलं होतं, असं धडा सांगतो. तो वेळदार म्हणजे मी. त्या एकोणिसांत दाजी नव्हते, हे तुला मी सांगायला नको.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसलो ते सांगतो. चिंगी इथे आली आहे, माझ्या वर्गात. तुझ्याशी भांडून आली हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी तिला बोलावलं नाही, एवढं मात्र खरं मान. मी तिच्यावर लक्ष ठेवीन.

हेच वाक्य मी दाजींना घेऊन निघताना तुला म्हणालो होतो. खोडणार होतो, पण खोडलेलं तुला वाचता येतं.

बारक्या

*

वरचा तळ, दिवस ५८

ताई,

खोकं पोचल्याची पावती आली, त्यावर तुझी सही आहे. एवढ्यानेही बरं वाटलं.

तुझी लेक हुशार आहे. वर्गात दहाजण आहेत, त्यात हिशेब सगळ्यात आधी तिचा होतो. विजेवरची घड्याळं शत्रूच्या एका झोतात मरतात, म्हणून इतक्या मोठ्या साम्राज्याचं आरमार अजूनही किल्लीच्या घड्याळांवर चालतं, हे पहिल्या दिवशी मी सांगितलं तेव्हा बाकीचे हसले. ती हसली नाही. तिने नुसती किल्ली हातात घेतली आणि सवयीने फ्रॉकला पुसली. आता फ्रॉक नाही, गणवेश आहे, पण पुसली तशीच. अवकाशात जहाज वेगात असलं की त्यावरचं घड्याळ घरच्या घड्याळाच्या मागे पडतं, ते किती पडलं याचा रोज हिशेब करून किल्लीने काटा तेवढा पुढे घ्यायचा, एवढंच वेळदाराचं काम. हे बाकीच्यांना समजायला तीन दिवस लागले. हिला तू पाळण्यात शिकवलं असशील.

वर्गात ती मला सर म्हणते. बाहेर काहीच म्हणत नाही, मान हलवते. एकदा पुतळ्याखाली उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "नाक आईचं आहे." मी म्हटलं, "हो ना, तक्रार करायला हवी." हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबांचा पण बसवायला हवा होता," आणि निघून गेली.

आता एक गोष्ट सांगतो, ती गुपित नाही, गोदीतल्या फलकावर लावली आहे. पुढच्या मोहिमेसाठी आमच्या त्या पाच तासांची रीतच करायचं ठरलंय. तिला आघाडीची चाल असं नाव दिलंय. प्रत्येक तुकडीतलं एक जहाज पाच तास आधी, एकटं, मुद्दाम पुढे पाठवायचं. ती चाल शिकवायला मला नेमलंय. पहिलं आघाडीचं जहाज दिवस १२० ला सुटेल. त्यावर वेळदार म्हणून जायला चिंगीने स्वतः नाव दिलंय आणि ते मान्य झालंय.

मी तळप्रमुखांना म्हटलं, तिचं वय कमी आहे. ते म्हणाले, "तुमच्या घराण्याचं रक्त आहे ते."

तिच्या परीक्षेत एक गोष्ट झाली, ती लिहिणार होतो. पण पत्र लांबलंय.

बारक्या

*

वरचा तळ, दिवस ६६

ताई,

वाचकसाहेब, हे पत्र नीट वाचा, घाई करू नका. वर पाठवावंसं वाटलं तर जरूर पाठवा. मी तोंडाने सांगून थकलोय.

धडा खोटा आहे. कप्तानबाईंनी मला कसलीही गुप्त आज्ञा दिली नव्हती. मी घड्याळ मुद्दाम पुढे केलं नाही. आम्ही पाच तास आधी पोचलो ते चुकून.

सुटका झाली त्याच दिवशी मी चौकशी मंडळाला हे सांगितलं होतं. त्यांनी माझी नोंदवही काढली. दीडशे दिवसांच्या रोजच्या नोंदी, एकही आकडा चुकलेला नाही. घड्याळ मात्र पाच तास पुढे. मंडळातले एक म्हातारे मला समजावायला लागले, "वहीत बरोबर आणि घड्याळात पुढे, याला चूक म्हणत नाहीत. तुम्ही आज्ञा पाळलीत आणि आता बाईंचं नाव झाकताय." मी नाही म्हटलं. नाही म्हटलं की त्यांचे डोळे भरून यायचे. मग ते म्हणाले, चूक असं लिहिलं तर बाईंनी आरमाराची रांग मोडली असं ठरेल, आणि मेलेल्या एकशे त्र्याण्णव जणांची नावं कुठल्याच गावच्या हुतात्म्यांच्या खांबावर लागणार नाहीत. दाजींचं नावसुद्धा नाही. चूक नक्की कुठे झाली हे मलाही सांगता येत नव्हतं. मी सही केली.

दोन वर्षं मी रोज ती वही डोक्यात उलटतोय. आकडे बरोबर होते ताई. काटा रोज मीच फिरवत होतो. मग पाच तास आले कुठून? कधीकधी मलाच वाटायचं की बाईंनी खरंच काही सांगितलं असेल आणि भीतीने माझ्या डोक्यातून ते पुसलं गेलं असेल.

आता परीक्षेचं. दहा मुलांना दहा मागे पडलेली घड्याळं दिली. हिशेब करा, कागदावर लिहा, काटा लावा. नऊजणांची घड्याळं काही सेकंद इकडे तिकडे. चिंगीच्या कागदावरचा आकडा अगदी बरोबर, घड्याळ दोन मिनिटं पुढे.

मी तिला दुसरं घड्याळ दिलं आणि मागे उभा राहिलो. वाचकसाहेबांसाठी सांगतो, किल्लीच्या एका पिळाला काटा चार मिनिटं पुढे सरकतो. तिने किल्ली घातली, पीळ देत गेली, बरोबर जागी थांबली. हात सैल झाला. आणि मग किल्ली काढण्याआधी, अगदी हलकेच, आणखी अर्धा पीळ. मी विचारलं, किती पीळ दिलेस? ती म्हणाली, "सव्वा सात." तिने पावणेआठ दिले होते. खोटं बोलत नव्हती. तिला पत्ताच नव्हता.

मला खाली बसावं लागलं. मुलांना वाटलं सरांना घेरी आली.

बाबांच्या दुकानातून घड्याळ बरोबर वेळेवर कधी बाहेर गेलंय का? गिऱ्हाईक आधी पोचलं तर कुरकुरेल, उशिरा पोचलं तर दुकानाला नावं ठेवेल, म्हणून प्रत्येक घड्याळाला जाताना अर्धा पीळ जास्त. दोन मिनिटं पुढे. मी पाच वर्षांचा असल्यापासून ते बघतोय, सहाव्या वर्षापासून करतोय. नंतर कोणी सांगावं लागलं नाही, हात आपोआप करायचा. आरमारात इतकी वर्षं चाललं, कारण रोज सकाळी मुख्य तळाचा इशारा यायचा आणि घड्याळ पुन्हा जुळवलं जायचं. एवढासा फरक कोणी नोंदवायचंही नाही. पण त्या मोहिमेत दीडशे दिवस सगळी जहाजं वेगवेगळ्या वाटांनी मुकाट जात होती, इशारा बंद. दोन मिनिटांवर दोन मिनिटं चढत गेली. दीडशे दुणे तीनशे. पाच तास.

एवढं होतं ते.

आता दिवस १२० ला जे जहाज सुटणार आहे, ते माझ्या अर्ध्या पिळाला शौर्य समजून सुटणार आहे. आम्ही कोणाला वाचवायला गेलो नव्हतो, आमचा चुकून बळीचा बकरा झाला आणि त्याचा उपयोग झाला. हे लोक आता ठरवून बकरा पाठवणार आहेत, आणि त्याच्या पोटात आपली चिंगी असेल.

बारक्या

*

वरचा तळ, दिवस ७२

ताई,

वाचकसाहेबांनी पत्राची नक्कल वर पाठवली, त्यांचे आभार. तळप्रमुखांनी बोलावलं. चहा दिला. पूर्ण पत्र समोर ठेवून म्हणाले, "नम्रता तुम्हाला शोभते. पण किती?"

मी म्हटलं, एक घड्याळ द्या, दाखवतो. दिलं. खोलीत चार अधिकारी वाकून बघत होते. हिशेब केला, किल्ली फिरवली, आणि माझा हात शहाण्यासारखा वागला. घड्याळ सेकंदाला बरोबर. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. लक्ष असलं की हात ऐकतो, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं उशिरा.

मग मी चिंगीच्या परीक्षेचं सांगितलं. ते म्हणाले, "तुमची भाची, तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही शिकवाल तसं करेल." वर असंही म्हणाले की तिला आघाडीवरून उतरवायला मी ही गोष्ट रचली असं कोणी म्हणू शकेल, ते स्वतः नाही म्हणणार. शेवटी उठता उठता म्हणाले, "तुमच्या हाताखालचा नसलेला साक्षीदार असेल तर बोला. खालच्या शहरात आमचं कार्यालय आहे."

साक्षीदार आहे. एकच आहे. बाबा गेले, दाजी गेले, दुकानातला अर्धा पीळ माहीत असलेलं जिवंत माणूस तू आणि मी.

आणि आपली गल्ली. आठवतंय का, इशाऱ्याच्या वेळेशी आपली गल्ली कधीच जुळायची नाही? शाळेचं घड्याळ, दवाखान्यातलं, शिंप्याचं, त्या रागीट दातांच्या डॉक्टरचं. सगळी आपल्याच दुकानातून गेलेली, सगळी दोन मिनिटं पुढे. आपल्या गल्लीतलं कोणी कधी कुठे उशिरा पोचलं नाही. तू त्यांच्या कार्यालयात जा. एका माणसाला घेऊन गल्लीतून फिरव, प्रत्येक दारी घड्याळ तपासायला लाव. तिथे मी कोणाला शिकवलेलं नाही. त्यातली कितीतरी घड्याळं मी जन्मायच्या आधीची आहेत.

तू बोललीस तर काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही कळलं असेल. खांबावरून दाजींचं नाव उतरेल. सगळ्यांचीच उतरतील. बाईंचं आधी.

मी तुझ्याकडे हे मागायला नको होतं. मागतोय.

बारक्या

*

वरचा तळ, दिवस ९०

ताई,

तू गेलीस की नाही, मला कोणी सांगत नाही. तीस दिवस उरलेत.

मी वर्ग घ्यायचं बंद केलं, म्हणून मला खोलीत बसवलंय. दाराशी पहारा आहे. पहारेकरी माझ्याकडून सही घेऊन गेला, आईला पाठवायची म्हणे. कैद्याची सही मागणारा पहारेकरी मी पहिल्यांदा पाहिला.

एक राहिलंय. मंडळाला त्याचा उपयोग नाही, चूक सिद्ध करायला ते लागत नाही. पण तुझ्याकडून साक्ष मागायची आणि हे दडवायचं, असं करून मला पुढे जगता येणार नाही.

खिंडीत शिरलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. आपलं एकही जहाज नाही. कप्तानबाईंनी बोलण्याच्या नळीतून घड्याळाच्या खोलीत विचारलं, "वेळदार, वेळ बरोबर आहे ना?" मी घड्याळ पाहिलं, वही पाहिली. म्हटलं, "बरोबर आहे, बाई." त्या म्हणाल्या, "मग बाकीचे कुठे आहेत?" मी म्हटलं, "येतीलच."

त्या वेळी आम्हाला मागे फिरता येत होतं. शत्रूने अजून पाहिलं नव्हतं. बाई थांबल्या त्या माझ्या शब्दावर. इतरांना थोडा उशीर झालाय, आता येतील, तोवर जागा धरून ठेवू, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. धड्यात लिहिलंय तसं कोणी मरायला उभं राहिलं नव्हतं. सगळे वाट बघत उभे होते.

दाजी तिसऱ्या तोफेवर गोळे भरत होते. दर थोड्या वेळाने नळीतून त्यांचा आवाज यायचा. "बारकेराव, किती वाजले?" मी सांगायचो. "आणि ते लोक?" मी म्हणायचो, आलेच. चार वेळा विचारलं त्यांनी. चौथ्या वेळी हसून म्हणाले, "घरी गेल्यावर तुझ्या बहिणीला सांगतो, तुझ्या भावाचं घड्याळ बंद पडलंय." मी चिडलो. म्हटलं, दाजी, आपल्या हातचं घड्याळ कधी बंद पडतं का? पाचव्या वेळी त्यांनी विचारलं नाही.

मी टेबलाखाली होतो, जहाजाच्या अगदी पोटात. घड्याळाची खोली सगळ्यात जाड भिंतींच्या आत असते, कारण आरमाराला घड्याळ माणसांपेक्षा जास्त जपायचं असतं. म्हणून मी उरलो. आरमार आलं तेव्हा माझ्या घड्याळात ठरलेल्या वेळेवर पाच तास झाले होते, आणि मी त्यांना शिव्या घातल्या. उशीर केलात म्हणून.

दाजी आरमारात यायला निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, घरातून एक गेला तेवढा पुरे, काचा कापायला मला माणूस हवाय. मीच दाजींना म्हटलं होतं, एकत्र राहू, मजा येईल.

बारक्या

*

वरचा तळ, दिवस १०९

ताई,

चिंगी आली होती. जाणाऱ्या वेळदाराच्या कागदावर गुरूची सही लागते, ती मागायला. मी दिली नाही. म्हणाली, दुसऱ्या कोणाची घेईन. घेईल.

मी तिला सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बाबा वाट बघत मेले?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "ते उगाचच मेले असं ठरवून तुम्हाला काय मिळणार आहे, मामा?" या तळावर आल्यापासून पहिल्यांदा मामा म्हणाली.

मी म्हटलं, तू मिळशील.

ती म्हणाली, मी तुमची नाही, आणि गेली. सामान भरून तयार आहे तिचं. अकरा दिवस.

ताई, तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. पत्राचं उत्तर नको देऊस. फक्त त्या कार्यालयात जा.

बारक्या

*

दुकान, दिवस १२७

बारक्या,

तुला शिक्षा झाल्याचं कार्यालयातल्या माणसाने सांगितलं. खोट्या सहीबद्दल दोनशे दिवसांची कैद, आणि पुतळा उतरवणार. नाक मला आणून द्या म्हटलं असतं, पण तो माणूस हसणाऱ्यातला नव्हता.

मी गेले होते, हे तुला कळलं असेलच. उशिरा गेले. दिवस ११२ ला गेले. इतके दिवस का लावले ते आधी सांगते, मग बाकीचं.

मला माहीत होतं. तू परीक्षा बघून खाली बसलास, मी दोन वर्षांपूर्वी बसले होते. बातमीत म्हणाले, दीडशे दिवस मुकाट प्रवास आणि पाच तास आधी. मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि भागाकार केला. दोन आले. त्यानंतर तुझी अकरा पत्रं आली, ती मी सगळी वाचली. तुला कळलेलं नाही, हे प्रत्येक पत्रात दिसत होतं. मी एक ओळ लिहिली असती तर तुझी दोन वर्षं वाचली असती, आणि हे आघाडीचं खूळ निघण्याआधीच मोडलं असतं. लिहिली नाही. चौकातल्या खांबावर त्यांचं नाव होतं. मी रोज सकाळी त्यावरून हात फिरवून दुकान उघडत होते. ते नाव जाऊ नये म्हणून गप्प बसले. तू मनातल्या मनात भोगत राहिलास ते मला चालत होतं.

दुसरं. बाबांच्या दुकानात बघून शिकलो असं तू लिहिलंस. बाबांना तुला शिकवायला वेळ कुठे होता? तू स्टुलावर उभा राहायचास आणि तुझ्या हातावर हात ठेवून किल्ली मी फिरवायचे. थांब म्हणायचे, आणि मग, आता हा दुकानाचा अर्धा. चिंगीलाही तसंच शिकवलं. तेव्हा सगळं आपल्या अंगावर घेऊन बसू नकोस. तेवढी जागा तुझ्या अंगावर नाही.

तुझं नव्वदाव्या दिवसाचं पत्र वाचून मी दुकान तीन दिवस बंद ठेवलं. मग गेले.

त्यांनी एक बाई आणि एक पुरुष असे दोन अधिकारी दिले, आरमाराच्या वेळेचं घड्याळ घेऊन. गल्लीत त्रेपन्न घड्याळं निघाली. सत्तेचाळीस दोन मिनिटं पुढे. उरलेल्या सहांपैकी चार बंद, दोन दुसऱ्या दुकानातली. दातांचा डॉक्टर चिडला, म्हणाला, तीस वर्षं मी दवाखाना दोन मिनिटं आधी उघडतोय? शाळेच्या घड्याळामागे बाबांच्या हातचा कागद मिळाला, दुरुस्तीची तारीख होती, तुझ्या जन्माच्या नऊ वर्षं आधीची. अधिकारी बाईने तो जपून ठेवला. मग मला म्हणाली, तुम्ही एक लावून दाखवा. मी लावलं. मला सगळं माहीत होतं, लक्ष देऊन लावलं. दोन मिनिटं पुढे. तुझा हात ऐकला, माझा नाही ऐकला. मी चाळीस वर्षं लावतेय.

ती म्हणाली, मुद्दाम केलंत का? मी म्हटलं, बाई, जिना उतरताना तुम्ही पायऱ्या मुद्दाम उतरता का?

दिवस ११८ ला आघाडीची चाल रद्द झाली. १२१ ला नावं पुसली. मी बघायला गेले. इतर जुन्या नावांच्या मध्ये तो दगड आता पांढरा दिसतो. पावाच्या भट्टीवालीचा मुलगा त्याच जहाजावर होता, ती माझ्याशी बोलत नाही. कोणीतरी दुकानाची पुढची काच फोडली. नवी मी स्वतः कापली. वाकडी झालीय. ते असते तर एका झटक्यात सरळ कापली असती.

चिंगी चार दिवसांपूर्वी आली. दारातल्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसते. माझ्याशी बोलत नाही. जेवते मात्र. काल वाकडी काच बघून उठली, काढली, घासून परत बसवली.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते झालंय की नाही मलाच माहीत नाही. ते तुला बारकेराव म्हणायचे हे वाचून मी रडले. मला तेवढंच एक नवीन मिळालं त्यांचं, दोन वर्षांत.

बाबांचं घड्याळ झालंय. स्प्रिंग नवी घातली. आरमाराच्या वेळेशी जुळवलंय, सेकंदाला बरोबर. पहिल्या दोनदा हात पुढे गेला. तिसऱ्यांदा चिंगीने मागून माझं मनगट धरलं, तेव्हा थांबला.

सुटलास की घड्याळ न्यायला ये. दुकान आठला उघडतं. आता आठला म्हणजे आठलाच उघडतं. आधी येऊन पायरीवर बसू नकोस.

ताई